तुटक रेघ

डोळ्यांच्या दवाखान्यात अमिनिएली मासावेच्या आधी अकरा माणसे होती. त्याने ती दोनदा मोजली होती. उजव्या डोळ्यात घातलेल्या थेंबांमुळे समोरची भिंत, भिंतीवरचा पंखा, पंख्याखाली बसलेली परिचारिका, सगळे कडांनी विरघळत चालले होते. डावा डोळा मात्र लख्ख होता. कधी हा मिटून तर कधी तो मिटून एकच भिंत दोन तऱ्हांनी पाहण्यात वेळ बरा जात होता. शेजारच्या खुर्चीवर कोणी एक गुळगुळीत माहितीपत्रक विसरून गेले होते. हाताला काही चाळा असावा म्हणून त्याने ते उचलले आणि उलटे केले. मागच्या पानावर डोंगरउतारावरच्या एका मोठ्या हॉटेलची माहिती होती: दोनशे चाळीस खोल्या, पोहण्याचा तलाव, किलिमांजारोच्या बर्फाकडे तोंड केलेल्या गच्च्या. खाली नकाशा होता. त्याने उजवा डोळा तळव्याने झाकला. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण होता, आणि त्या बाणाचे शेपूट वाऱ्याने फाटलेल्या केळीच्या पानासारखे चार ठिकाणी चिरलेले होते.

तो बाण त्याचा होता. टेक्निकल कॉलेजात बाण सरळ काढायला शिकवत, शेपटाला दोन पिसे आणि बास. पण मोजणी खात्यात लागल्यावर एकदा, आयुष्यात एकदाच, त्याने बाणाला केळीचे पान जोडले होते. वरिष्ठ रागावले होते, इथे चित्रकला नको म्हणाले होते, पण शाई वाळली होती आणि कागद महाग होता, म्हणून बाण राहून गेला. त्या एकाच कागदावर त्याचे गाव होते. आता पंचेचाळीस वर्षांनी, दारेसलामच्या एका दवाखान्यात, तो बाण त्याच्या मांडीवर पडला होता आणि त्याच्या छातीत, बरगड्यांच्या खाली कुठेतरी, पाण्याच्या नळात हवा शिरल्यासारखा गडगडाट झाला. त्याची नजर बाणावरून खाली उतरली. नदीची रेघ निळी, जाड, अखंड. नदीपासून डावीकडे फुटणारी, हॉटेलच्या हिरव्या चौकोनाखालून जाणारी दुसरी रेघ तुटक. एक तुकडा लांब, एक मोकळी जागा, पुन्हा लांब. आणि शेजारी नव्या, यंत्राने छापलेल्या अक्षरांत लिहिलेले: हंगामी ओहळ, कोरडा. अक्षरे त्याची नव्हती. रेघ त्याचीच होती.

"आजोबा, तुमचाच नंबर. झोपलात की काय?" परिचारिका म्हणाली, आणि त्याच्या लक्षात आले की तिने हे बहुधा तिसऱ्यांदा विचारले होते. आतल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी हनुवटी टेकवायला सांगितले आणि समोर घड्याळाच्या काट्यांसारख्या रेघांचे चक्र लावले. सगळ्या रेघा सारख्याच काळ्या दिसतात का, की एखादी पुसट, तुटक दिसते, असे त्यांनी विचारले. त्याने फार वेळ पाहिले. मग म्हणाला की ती तुटकच काढलेली आहे. डॉक्टर हसले. कोणीही ती तुटक काढलेली नाही, दोष आपल्या डोळ्यात आहे, असे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिले.

शहरातल्या सिन्झा वस्तीत, त्याच्या दोन खोल्यांत सगळे जागच्या जागी असे. बायको न्देशी गेल्यापासून चार वर्षे एकच पेला, एकच ताटली धुवायची होती, तरी तो ती दोन वेळा विसळी. पलंगाखाली नकाशाच्या सामानाची लाकडी पेटी होती. त्या संध्याकाळी त्याने ती ओढून काढली नाही, नुसता पलंगावर बसून पायाच्या टाचेने तिचा कोपरा चाचपत राहिला. मग त्याने गावी, धाकट्या भावाला, न्देकिर्वाला फोन लावला. डोळ्यांचे सांगितले, थंडीचे विचारले, गाय व्यायली का विचारले. न्देकिर्वा आपणहोऊन गावच्या पाण्याच्या पाटाच्या विषयावर आला. पूर्वी सहा दिवस बागेत येणारे पाणी आता पाळीने मंगळवारी आणि शुक्रवारी येते, तेही करंगळीएवढे. वर हॉटेलने नदीला नळ लावला आहे. पाण्याच्या कार्यालयात तक्रार नेली तर तिथे म्हणतात, कागदावर तुमचा पाट म्हणजे कोरडा ओहळ, कोरड्या ओहळाला हक्क कसला. वर्षाच्या शेवटी सुनावणी आहे. मग त्याचा आवाज उजळला.

"पण मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, दादा. आमच्या दादाने खुद्द मापून नकाशा काढलाय, मीच तर पट्टी धरली होती. तो तुझा नकाशा तेवढा शोधून आण. खरा नकाशा टेबलावर ठेवला की यांचा खोटा पडेल."

अमिनिएलीने हो म्हटले. येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याला ती उजळलेली जागा ऐकू येत राहिली, जशी दिवा मालवल्यावर डोळ्यांपुढे दिव्याची तार राहते.

नकाशा काढला त्या वर्षी, १९७४ साली, तो सव्वीस वर्षांचा होता आणि डोंगराच्या त्या बाजूची मोजणी त्याने मागून घेतली होती. वडील मासाव्यांच्या पाटाचे पाटकरी होते. कोणाची पाळी केव्हा, कोणी दारे वेळेवर बंद केले नाही, साफसफाईच्या दिवशी कोण आले नाही आणि दंड म्हणून किती मडकी म्बेगे, म्हणजे केळ्यांची बिअर, त्याच्याकडून घ्यायची, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते आणि कुठेही लिहिलेले नव्हते. तीन दिवस वडील पुढे, तो दुर्बीण घेऊन मधे आणि अठरा वर्षांचा न्देकिर्वा लाल-पांढरी मोजपट्टी घेऊन मागे, असे ते पाटाच्या कडेने चालले होते. नदीच्या घळीतून, कातळाच्या पोटातून, कुठे पोकळ खोडाच्या पन्हाळीतून दरी ओलांडत पणजोबांच्या पणजोबांनी पाणी आणले होते. संध्याकाळी आकडेमोड केली तेव्हा त्याला आपल्या दुर्बिणीचाच संशय आला. पाच किलोमीटरमध्ये उतार कुठेही बोटभर चुकलेला नव्हता. कॉलेजात जे त्याला पुस्तकातून मिळाले होते ते या लोकांनी नुसत्या डोळ्याने आणि पाण्याच्या वागण्याने मिळवले होते. त्याचा ऊर भरून आला होता, आणि म्हणूनच तर बाणाला पान फुटले. पण रेघेच्या बाबतीत तो काटेकोर राहिला. वर्षभर, रात्रंदिवस वाहते ते पाणी अखंड रेघेने दाखवायचे. ज्यात खंड पडतो ते तुटक रेघेने. तिसऱ्या प्रकारची रेघ नियमपुस्तकात नव्हती. आणि मासाव्यांच्या पाटात खंड होता, कारण आठवड्यातून एक दिवस पाटाचे तोंड दगड-मातीने बंद करून सगळी नदी खालच्या गावांसाठी सोडून द्यायची, ही त्यांची फार जुनी रीत होती. त्या दिवसाला म्हणायचे, आज पाट निजला.

कागद पुरा झाल्यावर त्याने तो केळबागेत, गाईच्या गोठ्यासमोरच्या बाकावर वडिलांपुढे पसरला होता. वडिलांनी नदी ओळखली, कातळ ओळखला, चर्चची टेकडी ओळखली. मग बोट पाटावर आले आणि थांबले. आपला पाट असा तुटलेला का, त्यांनी विचारले. त्याने नियम समजावून सांगितला, चांगला सविस्तर, कॉलेजातल्या शिक्षकासारखा. वडिलांनी ऐकून घेतले.

"आठवड्यातून एक दिवस तो निजतो," ते म्हणाले. "निजलेल्या माणसाचं चित्र तू तुकड्यातुकड्यांनी काढतोस का?"

न्देकिर्वा खदखदून हसला होता. त्यालाही हसू आले होते. वडिलांनी बोकड कापला होता आणि आमच्या मुलाने डोंगर कागदावर उतरवला असे शेजाऱ्यांना सांगितले होते. त्या नकाशाच्या तक्त्याला शेऱ्याचा एक रकाना होता. ‘खंड का पडतो’ ते तिथे लिहिता आले असते, एका ओळीत. पण त्या काळी त्याला स्वच्छ तक्त्यांचा अभिमान होता. त्याच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नेहमी कोरा असे, आणि वरिष्ठ तो इतरांना दाखवत.

दारेसलामहून मोशीला बसला अकरा तास लागले. खिडकीबाहेर सिसलची रोपे रांगेने येत आणि जात, आणि तो त्यांच्या ओळींमधले अंतर अंदाजत राहिला. मोशीहून वर चढणाऱ्या लहान गाडीत त्याच्या गुडघ्यांवर कोणाची तरी कोंबडी होती. नव्या डांबरी रस्त्याच्या वळणावर, जिथे पूर्वी गोऱ्यांचा कॉफीचा मळा होता, तिथे आता एक लांबलचक दगडी भिंत सुरू झाली आणि ती कितीतरी वेळ खिडकीला लागून चालत राहिली. भिंत संपली तिथे एक नळकोंडाळे होते. हॉटेलने गावाला भेट दिलेले, असे वर पितळी पाटीवर कोरले होते, आणि पाटीखाली बायका रंगीत डबे घेऊन ओळीने बसल्या होत्या. केळबागेत शिरल्यावर त्याला आधी कळले नाही काय चुकते आहे. हवा तीच होती, शेणाची, ओल्या सालींची, धुराची. मग कळले की आवाज नाही. लहानपणापासून त्या बागेत पाण्याचा एक हलका, स्वतःशी बोलल्यासारखा आवाज असे. लोक त्याच्यावर आपला आवाज चढवून बोलत, म्हणून मासावे मोठ्याने बोलतात अशी सगळीकडे थट्टा होई. आता न्देकिर्वाची बायको आइका त्याला या दादा म्हणाली ती जवळजवळ कुजबुजत.

रात्रीच्या जेवणाला मटणाची मटोरी होती, कच्च्या केळ्यांत शिजवलेली, न्देशी करायची तशी. आइकाने सांगितले की हॉटेल उभे राहत होते तेव्हा केळी, दूध, अंडी सगळे तुमच्याकडून घेऊ म्हणाले होते. दोनदा घेतलीही. मग केळी एका लांबीची नाहीत म्हणाले, आता त्यांची केळी दुसरीकडून ट्रकने येतात. न्देकिर्वाची मुलगी नाएलिज्वा तिथे कपडे धुण्याच्या विभागात होती. तिच्या पगारातून घरावर नवे पत्रे आले होते, ते तिने काकाला हौसेने दाखवले. दिवसाला सहाशे टॉवेल, ती म्हणाली, कोणी हात पुसला नसला तरी धुवायचे. आणि बागेत हॉटेलवाल्यांनी एक पाट केला आहे, अगदी आपल्या पाटासारखा, दगडांचा, वळणावळणाचा, शेवाळसुद्धा बाहेरून आणून लावले आहे. पंपाने तेच पाणी पुन्हा वर नेतात. पाहुण्यांना झोपताना आवाज हवा असतो.

"तो आपल्यासारखा निजत नाही हं काका," ती हसून म्हणाली. "रात्रंदिवस चालू."

म्हणजे त्याची रेघ अखंड, अमिनिएलीच्या मनात आले. नियमाप्रमाणे अखंड. न्देकिर्वाने नकाशा मिळाला का, एवढेच विचारले, आणि त्याने मिळाला म्हटले, खोटे नव्हते ते, आणि उद्या सगळ्यांसमोर बोलू म्हटले.

दुसऱ्या दिवशी साफसफाई होती. पाटाच्या तोंडाशी चाळीसएक माणसे जमली होती, फावडी, कोयते घेऊन. पाणी करंगळीएवढे असले तरी गाळ काढायचा तो काढायचाच. पाटकरी आता किवेलु होते, ऐंशीच्या घरातले, वडिलांच्या हाताखाली तयार झालेले. सकाळी अमिनिएलीने बागेच्या कुंपणाचे एक पान तोडून आणले होते. इसाले: लांब, चिवट, हिरवे पान, या डोंगरावरच्या चाग्गा लोकांच्या प्रत्येक बागेच्या हद्दीवर लावलेले. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे इसालेचे पान धरले की त्याने ते घ्यावेच लागते, आणि घेतले की विषय संपला. माणूस मारलेल्यांनीही पाने दिली होती आणि घेणाऱ्यांनी ती घेतली होती. फक्त मासाव्यांच्या घरात वडील एवढे बजावत, की एका अपराधाला एकच पान; तोच अपराध पुन्हा केलात तर कुंपण सगळे उपटून आणलेत तरी उपयोग नाही. काम थांबले, म्बेगेने भरलेला पोकळ भोपळा फिरू लागला, तेव्हा तो उठला. माहितीपत्रक उघडून किवेलुंच्या हातात दिले. कोपऱ्यातला बाण दाखवला, रेघ दाखवली. सांगितले की हा खोटा नकाशा आणि माझा खरा नकाशा असे दोन नकाशे नाहीत. एकच आहे. ही रेघ मी काढली. ती नियमाने बरोबर होती, आणि खंड का पडतो हे मी लिहिले नाही. बोलताना त्याच्या लक्षात आले की आपण मोठ्याने बोलतो आहोत, पाण्याचा आवाज असल्यासारखे. मग त्याने पान काढून न्देकिर्वापुढे धरले, कारण बाग त्याची होती, आणि आशाही त्याचीच होती.

न्देकिर्वाने पानाकडे पाहिले. त्याचा हात पुढे आला. डोळे आले नाहीत.

"घेतलं," किवेलु म्हणाले, सगळ्यांच्या वतीने. "बसा. भोपळा इकडे द्या."

कोणी रागावले नाही, कोणी एक वाकडा शब्द बोलले नाही. त्याने दारेसलामहून येताना अकरा तास ज्या शिव्यांची तयारी केली होती त्यातली एकही आली नाही. भोपळा त्याच्यापर्यंत आला, त्याने घोट घेतला, आंबट, दाट, कोंड्याचा, आणि पुढे दिला. माणसे गाईंच्या किमतीवर बोलू लागली. आणि त्याला हळूहळू कळत गेले की जी क्षमा नाकारताच येत नाही ती मिळाल्यावर माणूस ज्या जागी उभा असतो तिथे दुसऱ्या कोणाला उभे राहता येत नाही. चाळीस माणसांत त्याच्याभोवती हातभर मोकळी जागा होती, रेघेतल्या मोकळ्या जागेसारखी, मापून सोडलेली.

मोशीच्या पाण्याच्या कार्यालयातली अधिकारी तरुण होती आणि त्याच्याच कॉलेजातून शिकलेली. तिने त्याला सर म्हटले, खुर्ची दिली, मूळ तक्ता गुंडाळीतून काढून काचेखाली पसरला. शाई अजून काळी होती. केळीचे पान माहितीपत्रकातल्यापेक्षा नाजूक होते. तो म्हणाला, यात दुरुस्ती करायची आहे. ती म्हणाली, यात चूक नाही. तो म्हणाला, चूक नाही म्हणूनच.

"सर, नकाशा तुम्ही काढलात, पण आठवणीवरून तो बदलता येत नाही," ती म्हणाली. "मला आकडे द्या. कोरड्या महिन्यातले, तीस दिवसांचे. रोज सकाळी सहाला, एकाच जागी, तुम्ही स्वतः घेतलेले. पाणी टिकून आहे असं दिसलं तर मी रेघ बदलून घेईन आणि हॉटेलचा परवाना पुन्हा तपासायला लावीन."

म्हणून तो राहिला. सप्टेंबरात पाऊस नसतो, डोंगर तांबूस होतो. गोठ्याशेजारच्या खोलीत त्याने आपली लाकडी खाट टाकली. किवेलुंनी खालच्या गावांना निरोप पाठवला आणि त्यांनी तोंडी कळवले की तीस दिवस पाट निजवू नका, आमचे चार दिवस आम्ही सोडतो. हॉटेलच्या नळाचे कोणालाच काही करता येण्यासारखे नव्हते, पण गावाने पोटपाटांची सगळी दारे बंद केली, म्हणजे जे काही पाणी असेल ते मुख्य पाटात दिसावे. महिनाभर बागा तहानेल्या ठेवायचे ठरले. रोज पहाटे न्देकिर्वा मोजपट्टी खांद्यावर टाकून पुढे चाले आणि तो वही घेऊन मागे. पट्टी पंचेचाळीस वर्षांपूर्वीची नव्हती, पण न्देकिर्वा ती त्याच पद्धतीने धरी: दोन्ही तळव्यांत सैल, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने उभी राहते. तो वाकून आकडा वाचे, न्देकिर्वा तो पुन्हा म्हणे, तो लिही. नऊ. नऊ. आठ. नऊ. नऊ सेंटिमीटर म्हणजे फार नव्हे, पण ते पाणी होते. त्याच्या तळाशी वाळूचे कण सरकताना दिसत. त्या दोन मिनिटांत, एक जण धरणारा आणि एक जण वाचणारा, त्याला कधीकधी वाटे की हातभर मोकळी जागा थोडी आकसली आहे. अठराव्या दिवशी न्देकिर्वाने परतताना एक कणीस मोडून अर्धे त्याच्या हातात दिले. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी नाएलिज्वा उशिरा आली. कोणा मोठ्या कंपनीची तीनशे माणसे यायची आहेत, ती म्हणाली, म्हणून तलाव रिकामा करून घासून काढला, आता पुन्हा भरायचा आहे.

तेविसाव्या दिवशी ते पाटाशी पोचले तेव्हा आवाज नव्हता. पात्र ओले होते. खडकाच्या खोबणीत हातभर पाणी अडकून राहिले होते आणि त्यात एक खेकडा चालत होता. न्देकिर्वाने पट्टी तरीही रोवली, दोन्ही तळव्यांत सैल धरली, आणि ती वाळूवर टेकल्याचा कोरडा, बारीक आवाज झाला. सहाला दोन मिनिटे कमी होती. अमिनिएलीने सहा वाजेपर्यंत वाट पाहिली, मग वाकला, जसे वाकायला हवे तसेच. सरळ होऊन त्याने पेन उघडले.

"नऊ," न्देकिर्वा म्हणाला.

त्याने वर पाहिले.

"नऊ लिही, दादा. उद्या असणारच आहे ते. इथे कोण बघतंय?"

न्देकिर्वाने पट्टी सोडली नव्हती.

"तुझ्या खऱ्याने आमचं एकदा वाटोळं केलं. मी पान घेतलं, एक शब्द बोललो नाही. खालच्या गावांनी आपलं पाणी सोडलं, बागा करपल्या, आइका भिंतीपाशी ओळीत बसते. आता आमच्यासाठी एकदा खोटं लिही. एकच आकडा."

त्याला वडिलांचे बोट दिसले, रेघेवर थांबलेले. नऊ लिहिणे म्हणजे निजलेल्या माणसाला जागा म्हणणे. शून्य लिहिणे म्हणजे त्याला पुन्हा तुकडे करून काढणे. दोन्ही त्याला नको होते. आपल्याला तिसरी रेघ हवी आहे, ती तेव्हाही हवी होती, आणि ती नियमपुस्तकात नाही, एवढेच त्याला कळत होते. पण हाताला दुसरे काही लिहिता येत नव्हते. सव्वीस वर्षांचा असल्यापासून त्या हाताने पाहिले नाही ते कधी लिहिले नव्हते. तो हात चांगला होता की नुसताच सवयीचा, हे ठरवायला आता उशीर झाला होता. त्याने तारीख लिहिली, वेळ लिहिली, शून्य लिहिले. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागला: पात्र ओले, काठावर नऊ सेंटिमीटरपर्यंत ओलीची खूण ताजी, खोबणीत साचलेले पाणी, जिवंत खेकडा, काल सायंकाळपासून हॉटेलचा तलाव भरणे सुरू. रकाना अरुंद होता. अक्षरे समासात गेली, समासातून वहीच्या शिवणीत गेली.

तो लिहीत असताना न्देकिर्वाने वाकून ते शून्य पाहिले. शेरा वाचला नाही. मोजपट्टी दगडाला टेकवून ठेवली, नीट, पडणार नाही अशी.

"हे दुसरं होतं, दादा," तो म्हणाला, आणि बागेतून निघून गेला.

चोविसाव्या दिवशी अमिनिएली एकटाच गेला. निम्म्या वाटेवरच त्याला ते ऐकू आले, ते हलके, स्वतःशी बोलणे. पाणी आले होते, गढूळ, पाने ढकलत. त्याने पट्टी उचलली. एकट्याने पट्टी धरून वाचणे बरोबर होत नाही. वाकले की ती कलते, सरळ धरावी तर आकडा दिसत नाही. शेवटी त्याने पात्रात गुडघे टेकले, पाणी पँटीतून वर चढले, बर्फाच्या थंडपणाचे, आणि हनुवटी जवळजवळ पाण्याला लावून त्याने डाव्या डोळ्याने आकडा वाचला. नऊ. तसाच ओल्या गुडघ्यांनी काठावर बसून त्याने तो वहीत लिहिला, आणि लिहिल्यावर सवयीने वरून खाली सगळा स्तंभ पाहिला. नऊ, आठ, नऊ, नऊ, शून्य, नऊ.

तो पुन्हा पाहू लागला. नदी आटते ती उतरत उतरत आटते. आठ, सात, पाच, असे दिवस घेते, आणि भरते तीही चढत चढत. एका रात्रीत नऊवरून शून्य आणि एका रात्रीत शून्यावरून नऊ, अशी उडी पाणी मारत नाही. ती हातानेच मारता येते, दार लावणाऱ्या आणि उघडणाऱ्या. तीस दिवस नऊ असते तर तेवढ्याने एवढेच सिद्ध झाले असते की पाट वाहतो. हे शून्य, त्याच्या वरचा नऊ, त्याच्या खालचा नऊ, आणि शेजारी शिवणीपर्यंत गेलेला शेरा: यातून सिद्ध होत होते की तो वाहतो आणि त्याला कोण अडवते. मोशीच्या त्या मुलीला हे एका नजरेत कळेल. दोघांना एकाच कॉलेजाने ते शिकवले होते. तक्त्यातला सगळ्यात मोलाचा आकडा तो होता. न्देकिर्वाने सांगितलेला नऊ तिथे असता तर तो आकडा हरवला असता, आणि हे त्याला काल, लिहिताना, माहीत नव्हते. लिहिताना त्याला फक्त शून्य दिसले होते.

बागेत, केळींच्या पलीकडे, कुदळीचे घाव पडत होते. सावकाश, एका लयीत. तो हात त्याच्या ओळखीचा होता. अमिनिएली उठून उभा राहिला आणि पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून त्याने हाक मारली, मासाव्यांसारखी.

"न्देकिर्वा!"

कुदळ थांबली. एक घाव पडेल एवढा वेळ गेला, मग दुसरा. पाने हलली नाहीत. मग ती पुन्हा सुरू झाली, आधीच्याच लयीत, आणि अमिनिएलीने वही उघडून त्या दिवसाच्या शेऱ्यात, जागा असतानाही बारीक अक्षरांत, लिहिले: पट्टी एकट्याने धरली.